दुपारी बारानंतर गाडीतला मॅप का बंद पडतो? मोबाईल, जीपीएस आणि डॅशकॅमला उन्हापासून वाचवायचे उपाय

एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना ही अडचण येते. दुपारी एक-दोनच्या सुमारास समोरच्या काचेवर लावलेल्या मोबाईलचा पडदा आधी अंधूक होतो. मग मॅप अडखळायला लागतो, बाण मागं राहतो आणि गाडी फाटा ओलांडून पुढं निघून जाते. केबल लावलेली असूनही चार्जिंगचा आकडा वाढायच्या ऐवजी उतरतो. शेवटी तापमानाची सूचना येते आणि मॅप बंद. संध्याकाळी तोच मोबाईल, तीच केबल, तोच रस्ता, आणि सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच.

मी परभणीत गाड्यांना स्टिरिओ, कॅमेरे आणि होल्डर बसवायचं काम करतो. उन्हाळा लागला की "भाऊ, मोबाईल लई तापायलाय, काहीतरी करा" म्हणत ड्रायव्हर मंडळी येतात. तोवर बहुतेकांनी केबल बदललेली असते, चार्जर बदललेला असतो, काहींनी तर मोबाईलच नवा घेतलेला असतो. पैसे गेलेले असतात आणि त्रास तिथंच असतो. मला याचं वाईट वाटतं, कारण दहापैकी आठ-नऊ गाड्यांत दोष मोबाईलचाही नसतो आणि केबलचाही नसतो. मोबाईल ज्या जागी अडकवलाय ती जागा चुकीची असते. म्हणून आधी कशानं तापतंय ते ओळखा आणि मगच खिशात हात घाला.

उष्णता येते कुठून

यंत्राला किती उष्णता सोसते हे कंपन्या स्वतःच लिहून देतात. आयफोन वापरताना भोवतालची हवा ० ते ३५ अंश सेल्सिअस असावी आणि बंद करून ठेवताना उणे २० ते ४५ अंश, असं अ‍ॅपल सांगते. गार्मिनच्या गाडीत लावायच्या जीपीएस यंत्रांना चालण्यासाठी ५५ अंशांपर्यंत मुभा असते, पण चार्जिंगसाठी ४५च. हा ४५चा आकडा सगळीकडे दिसतो, कारण तो लिथियम-आयन बॅटरीचा आहे. त्याच्या वर चार्जिंग चालू ठेवलं तर आतलं रसायन बिघडतं, वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. म्हणून चांगला मोबाईल त्या वेळी स्वतःहून चार्जिंग थांबवतो. "केबल खराब झाली" असं आपल्याला वाटतं ते इथंच.

आता आपल्याकडचं ऊन बघा. परभणी, नांदेड, जालना भागात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जाणं नेहमीचं आहे. हवामान खात्याचा हा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. म्हणजे लिंबाच्या झाडाखाली उभं राहून मोबाईल खिशातून काढला तरी कंपनीनं सांगितलेली हद्द ओलांडलेलीच असते. गाडीच्या आत तर हिशोबच वेगळा. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या विद्यापीठानं २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी कडक उन्हाळ्यात, बाहेर ३८ अंशांच्या पुढं असताना, उभ्या गाड्यांमध्ये मोजमाप केलं. उन्हात तासभर उभ्या असलेल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला, स्टिअरिंग ५३ आणि सीट ५१ अंशांवर. सावलीतल्या गाडीचा डॅशबोर्डसुद्धा ४८ अंश भरला. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा. सावलीत लावलेल्या गाडीत डॅशबोर्डवर ठेवलेला मोबाईलही सुरक्षित नाही, एवढं त्यातून कळतं. अ‍ॅरिझोनाचं ऊन आणि आपलं मे महिन्यातलं ऊन यांत फार अंतर नाही.

काचेतून ऊन आत येतं, डॅशबोर्ड आणि सीट तापतात, आणि तापलेल्या वस्तूंमधून निघणारी उष्णता मात्र काच बाहेर जाऊ देत नाही. काळा डॅशबोर्ड यात सगळ्यात पुढं. समोरच्या काचेला चिकटवलेल्या मोबाईलला मग पुढून थेट ऊन लागतं, खालून डॅशबोर्डची झळ लागते, चार्जिंगनं तो आतून तापतो आणि मॅप, जीपीएस, नेटवर्क, पूर्ण उजेडाचा पडदा हे सगळं एकदम चालवताना प्रोसेसर वेगळा तापतो. यातली एक-दोन कारणं कमी केली तरी मॅप दिवसभर चालतो. चारही तशीच ठेवून नवा मोबाईल घेतला तर तोही आठवड्याभरात तेच रडगाणं गाणार.

आधी तपासणी

पहिली चाचणी दिवस मावळल्यावर करा. दुपारी असतं तसंच सगळं राहू द्या: तोच होल्डर, तीच जागा, चार्जिंग चालू, मॅप चालू. अर्धा तास गाडी चालवा. मोबाईल कोमट राहिला तर प्रश्न उन्हाचा आणि जागेचा आहे, पुढचं वाचा. संध्याकाळीही हाताला चटका बसावा इतका तापला तर चार्जर, जुनी झालेली बॅटरी किंवा मागं गुपचूप चालणारं एखादं अ‍ॅप यांच्याकडे बघावं लागेल.

दुसरी चाचणी दुपारी, केबल काढून. निघताना बॅटरी भरलेली ठेवा आणि अर्धा-पाऊण तास चार्जिंगशिवाय मॅप चालवा. एवढ्यानंच सूचना यायची थांबली तर चार्जिंगची उष्णता हीच तुमची मुख्य अडचण. बऱ्याच जणांचं निदान इथंच होतं.

तिसरी चाचणी मला सगळ्यात जास्त पटलेली आहे आणि तिला पैसा लागत नाही. मोबाईल होल्डरमधून काढा आणि शेजारी बसलेल्या माणसाला तो एसीच्या जाळीसमोर, उन्हाबाहेर धरायला सांगा. चार्जिंग, मॅप सगळं चालू राहू द्या. दहा-पंधरा मिनिटांत पडद्याचा उजेड परत आला, चार्जिंग पुन्हा सुरू झालं, तर होल्डरची जागा बदलणं एवढंच काम उरलं.

मोबाईलच्या पाठीवर हात ठेवूनही अंदाज येतो. बहुतेक मोबाईलमध्ये प्रोसेसर वरच्या बाजूला, कॅमेऱ्याजवळ असतो आणि बॅटरी त्याच्या खाली. वरचा भाग जास्त तापला असेल तर काम जास्त पडतंय, खालचा जास्त तापला असेल तर चार्जिंगकडे बघा. आणि मोबाईल गार असूनही बाण इकडंतिकडं उड्या मारत असेल तर ते उष्णतेचं काम नाहीच. हलक्या दर्जाचा चार्जर किंवा डॅशकॅम (रस्त्याचं चित्रण करणारा काचेवरचा कॅमेरा) जीपीएसच्या सिग्नलमध्ये अडथळा आणतो. एकेक काढून बघितलं की सापडतो.

होल्डर काचेवरून खाली आणा

एसी असलेल्या गाडीत मोबाईलची सगळ्यात चांगली जागा एसीच्या जाळीवर. काचेचं ऊन तिथं कमी पोचतं आणि पाठीवर सतत गार हवा लागते. चार्जिंगची आणि प्रोसेसरची उष्णता ती हवाच ओढून नेते. नुसत्या चिमट्याचा होल्डर घेऊ नका, जड मोबाईलच्या वजनानं जाळीची पट्टी लोंबते आणि एखाद्या खड्ड्यात मोडते. मागून आकडा अडकवून स्क्रूनं आवळायचा होल्डर मिळतो, तो घ्या. खाली टेकायला पाय असेल तर आणखी बरं. गोल जाळ्यांच्या गाड्यांत मात्र हा आकडा नीट बसत नाही. तिथं डॅशबोर्डच्या उभ्या भागावर, स्टिरिओच्या बाजूला, ऊन पोचत नाही अशी जागा शोधावी लागते.

ड्रायव्हरच्या उजव्या हाताच्या जाळीवर लावायचा असेल तर एकदा दुपारी गाडीत बसून बघा की खिडकीतून तिथं ऊन येतं का. परभणीहून जालना-संभाजीनगरकडे किंवा लातूरहून अंबाजोगाई-केज करत बीडकडे दुपारी निघालात तर तीन-चारनंतर सूर्य समोर आणि डाव्या हाताला असतो. त्या वेळी उजव्या बाजूची जाळी सावलीत राहते. उलट दिशेच्या सकाळच्या प्रवासात ऊन समोरून येतं. रोजचा रस्ता ठरलेला असेल तर हे एकदा बघून ठेवावं.

गाडीच्या स्टिरिओत अँड्रॉइड ऑटो किंवा कारप्ले असेल तर याहून चांगला मार्ग तुमच्याकडे आधीच आहे. मॅप गाडीच्या पडद्यावर दिसतो, मोबाईलचा पडदा बंद राहतो आणि मोबाईल सावलीत, गिअरजवळच्या कप्प्यात ठेवता येतो. शक्यतो केबलनं जोडा. वायरलेस जोडणीत मोबाईलला वायफायचंही काम करावं लागतं, आणि त्यात तो वायरलेस चार्जिंगच्या पाटीवर ठेवला तर दुहेरी ताप. वायरलेस चार्जिंगमध्ये बरीच वीज उष्णता होऊन वाया जाते, ती सगळी मोबाईलच्या पाठीत जिरते. उन्हाळ्यात ती पाटी बंदच ठेवा. मॅग्नेटच्या होल्डरसाठी मोबाईलला लोखंडी चकती चिकटवलेली असेल तर त्या पाटीवर मोबाईल ठेवूच नका, चकती स्वतः तापते.

एसी नसलेल्या गाड्यांचं काय? पिकअप, छोटा हत्ती, जुन्या जीप चालवणारी मंडळीच दिवसभर उन्हात असतात आणि त्यांच्याविषयी फारसं कोणी लिहीत नाही. ४३ अंशांची हवा जाळीतून मारून उपयोग मर्यादित आहे, पण थेट ऊन तोडणं त्यांच्याही हातात आहे. मोबाईल काचेवरून काढून डॅशबोर्डच्या खालच्या उभ्या भागावर, गिअरच्या वर, सावलीत लावा. रस्ता सुरू केल्यावर पडद्याचं बटण दाबून तो बंद करा आणि स्पीकरचा आवाज मोठा ठेवा. पडदा बंद असला तरी मॅप वळणं बोलून सांगत राहतो. पडदा बंद केल्यानं जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कुठल्याच फुकट उपायानं पडत नाही. आयफोन फार तापला तर हेच स्वतःहून करतो: पडदा विझवतो, वळणं बोलून सांगत राहतो आणि वळण जवळ आलं की तेवढ्यापुरता पडदा उजळतो.

ओलं फडकं, ओली दस्ती मोबाईलभोवती गुंडाळणारे पुष्कळ बघितलेत. कृपया करू नका. पाणी चार्जिंगच्या खाचेत जातं आणि मग तापलेल्या मोबाईलच्या ऐवजी बंद पडलेला मोबाईल घेऊन दुकानात यावं लागतं.

चार्जिंग आणि इतर भार

घरून निघताना बॅटरी भरून घ्या. सकाळी गारव्यात गाडीत चार्ज करा, दुपारी बारा ते चार केबल काढून ठेवा. लांबच्या प्रवासात ते जमणारं नसेल तर फास्ट चार्जर बाजूला ठेवून साधा, सावकाश चालणारा चार्जर वापरा. नव्या मोबाईलमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती उन्हाळ्यापुरती चालू करून टाका. भरत आलेली बॅटरी तापलेल्या अवस्थेत ठेवणं हे तिचं आयुष्य कमी करणाऱ्या गोष्टींमध्ये वरच्या क्रमांकाचं आहे.

चार्जरच्या बुडाला अधूनमधून हात लावून बघा. प्लॅस्टिकचा वास येत असेल किंवा बोट टेकवत नसेल तर तो फेकून द्या. ट्रक आणि बसवाल्यांनी आणखी एक बघावं: त्यांची वीज २४ व्होल्टची असते. कारचा नुसत्या १२ व्होल्टचा चार्जर तिथं लावला तर जळतो. चार्जरवर "१२-२४ व्होल्ट" असं छापलेलं हवं.

जाड रबरी कव्हर उष्णता कोंडून धरतं. होल्डरमध्ये लावताना ते काढा. मोबाईल पडायची भीती वाटत असेल तर निदान दुपारचे चार तास तरी.

नेटवर्कचा मुद्दा बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. सिग्नल जिथं कमजोर असतो तिथं मोबाईल टॉवर धरून ठेवण्यासाठी जास्त ताकद लावतो आणि त्यानं जास्त तापतो. मांजरसुंब्याच्या पुढं बालाघाटाच्या डोंगरात किंवा कन्नडच्या घाटात शिरल्यावर ते सहज घडतं. घरच्या वायफायवर निघण्याआधी आपल्या भागाचा मॅप ऑफलाइन उतरवून ठेवा. गुगल मॅपमध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवलं की ऑफलाइन मॅपचा पर्याय दिसतो. अ‍ॅपल मॅपमध्येही २०२३पासून ही सोय आहे. सगळा मराठवाडा एकदम नाही बसला तर दोन-तीन तुकड्यांत उतरवा. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ते उपग्रहांकडून येणारे सिग्नल फक्त ऐकतं. त्यामुळं ऑफलाइन मॅप असेल तर डेटा बंद करूनही रस्ता दिसतो. वाहतुकीची कोंडी कळणार नाही, पण जिंतूर ते औंढा नागनाथ जाताना तिची गरजही कमीच पडते. ५जी बंद करून ४जीवर ठेवणं हासुद्धा फुकटचा उपाय आहे.

पडद्याचा उजेड पूर्ण ठेवावा लागतो कारण काचेवर ऊन पडतं. होल्डर सावलीत आणला की अर्ध्या उजेडातही मॅप स्वच्छ दिसतो. जागा बदलण्याचा हा आणखी एक फायदा.

गाडी उभी करताना

गाडी उभी करून खाली उतरताना मोबाईल, वेगळं जीपीएस यंत्र, पॉवर बँक आणि हेडफोन सोबत घ्या. "पाचच मिनिटं चहा घेतो" हे कारण चालत नाही. बंद गाडीतलं तापमान वाढायला लागतं ते लगेच; अमेरिकेतल्याच २००५ सालच्या एका अभ्यासात तासाभरात साधारण २२ अंशांची वाढ दिसली आणि तिचा ८० टक्के भाग पहिल्या अर्ध्या तासातच झाला. काच बोटभर खाली ठेवल्यानं त्यात जवळपास फरक पडला नाही. तो अभ्यास यंत्रांसाठी नव्हता, गाडीत राहून जाणाऱ्या लहान मुलांच्या जिवासाठी होता. तेव्हा लेकराला गाडीत झोपलेलं ठेवून क्षणभरही उतरू नका.

लग्नसराईत मंगल कार्यालयासमोरच्या उघड्या रानात, किंवा तुळजापूर, परळी, औंढ्याला देवदर्शनाच्या वेळी गाडी तासन्‌तास उन्हात राहते. सावली मिळत नसेल तर गाडीचं तोंड कुठं करायचं हे तरी हातात असतं. मेच्या मध्यावर मराठवाड्यात दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. धाराशिव-लातूरकडे दोन-चार दिवस आधी, जालना-संभाजीनगरकडे थोडं नंतर. त्या दिवसांत बारा-एक वाजता गाडी कशीही उभी केली तरी तिरप्या काचेतून डॅशबोर्डवर ऊन पडतंच. पण दोननंतर सूर्य पश्चिमेला कलतो. दुपारनंतर गाडी राहणार असेल तर तोंड पूर्वेला करा, म्हणजे समोरच्या काचेवर ऊन येणार नाही. सकाळी उभी करत असाल तर तोंड पश्चिमेला.

समोरच्या काचेला आतून लावायचा चंदेरी पडदा जरूर घ्या. डॅशबोर्डवर त्याचा फरक हाताला कळतो. पैसे नसतील तर पांढरी चादर पसरा, तीही काम करते.

परत आल्यावर आधी दोन्ही बाजूंची दारं उघडा, कोंडलेली हवा जाऊ द्या. काचा खाली करून थोडं अंतर जा, मग काचा लावून एसी चालू करा. होल्डरमध्ये मोबाईल अडकवायचा तो यानंतर. तापलेल्या होल्डरमध्ये मोबाईल लावून लगेच चार्जिंगची केबल खुपसणं हीच सवय बहुतेकांना नडते.

काळ्या फिल्मविषयी रोज कोणीतरी विचारतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून निदान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आत आला पाहिजे. काळी फिल्म लावली तर दंड होतो, आणि धातूचा थर असलेली फिल्म समोरच्या काचेवर लावली तर जीपीएस आणि फास्टॅग दोन्हींना त्रास देते. माझं मत स्पष्ट आहे: फिल्मवर काही हजार घालण्याआधी काहीशे रुपयांचा होल्डर बदला.

डॅशकॅम

डॅशकॅमला काचेवरून हलवता येत नाही, त्यामुळं इथं यंत्र निवडतानाच काळजी घ्यावी लागते. काही डॅशकॅममध्ये छोटी लिथियम बॅटरी असते आणि काहींमध्ये तिच्या जागी सुपर कॅपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवून ठेवणारा भाग, असतो. सुपर कॅपॅसिटर उष्णता कितीतरी चांगली सोसतो. मराठवाड्यात गाडी असेल तर दुसरा प्रकारच घ्या, थोडा महाग पडला तरी. आत मेमरी कार्डही सतत लिहिण्यासाठी बनवलेलं टाका; मोबाईलमधलं जुनं कार्ड उन्हात काही महिन्यांत दगा देतं आणि नेमकं अपघाताचं चित्रण मिळत नाही.

बसवायची जागा आरशाच्या मागं, काचेच्या वरच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यालगत. तिथं छपराची आणि पट्ट्याची थोडी सावली मिळते. गाडी उभी असताना चंदेरी पडदा लावत असाल तर एक बघा: पडदा डॅशकॅमच्या मागून जात असेल तर काच आणि पडदा यांच्या मधे अडकलेल्या कॅमेऱ्यावर ऊन दोन्हीकडून पडतं, थेटही आणि पडद्यावरून परतूनही. पडदा कॅमेरा आणि काच यांच्या मधून सरकवा. तसं बसत नसेल तर कॅमेरा काढून ठेवा. गाडी उभी असतानाही चित्रण चालू ठेवायची सोय मे महिन्यात उघड्यावर वापरूच नये.

तापून बंद पडलाच तर

केबल काढा, पडदा बंद करा, कव्हर काढा आणि मोबाईल उन्हाबाहेर, एसीच्या हवेत धरा. बर्फावर, थंड पाण्याच्या बाटलीला चिकटवून किंवा ढाब्यावरच्या शीतपेयांच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. एकदम गार केल्यानं आत दव धरतं आणि पाणी पडल्यासारखंच नुकसान होतं. साधारण पंधरा-वीस मिनिटांत तो स्वतःहून ताळ्यावर येतो. रस्ता कळत नाही म्हणून समृद्धी महामार्गाच्या कडेला गाडी थांबवू नका. पुढच्या इंटरचेंजपर्यंत किंवा पेट्रोल पंपापर्यंत जा आणि तिथं बघा. चालत्या गाडीत मोबाईल हातात घेऊन खटपट करणंही नको. २०२०पासून नियमात मोबाईलचा वापर फक्त रस्ता बघण्यापुरता आणि ड्रायव्हरचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनंच मान्य आहे.

मोबाईलचा पडदा एका कडेनं उचललेला दिसला, पाठीमागचं झाकण सुटल्यासारखं वाटलं किंवा सपाट टेबलावर मोबाईल डुलायला लागला, तर बॅटरी फुगली आहे. तिथून पुढं तो चार्ज करायचा नाही, दाबून झाकण बसवायचं नाही, टाचणी टोचायची तर अजिबात नाही. बंद करून, गाडीतून काढून, माहितगार माणसाकडून बॅटरी बदलून घ्या. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, दुरुस्तीवाल्याकडेच ई-कचऱ्यात द्या. वेगळ्या जीपीएस यंत्रांना आणि बॅटरीवाल्या डॅशकॅमनाही हेच लागू.

राहता राहिला होल्डर सुटून पडण्याचा त्रास. रबरी वाटीचा होल्डर उन्हात मऊ पडतो, आतली हवा फुगते आणि वाटी सुटते. ज्यांना काचेवरच लावायचाय त्यांनी काच साबणाच्या पाण्यानं धुऊन, पूर्ण कोरडी करून, सकाळच्या गारव्यात वाटी दाबावी. डॅशबोर्डवर चकाकी आणणारं पॉलिश मारलेलं असेल तर त्यावर वाटीही टिकत नाही आणि चिकटपट्टीही. तेवढी जागा आधी स्पिरिटनं पुसून घ्या. चिकटपट्टीचा होल्डर लावल्यावर एक रात्र त्यात मोबाईल अडकवू नका, पट्टीला पकड यायला तेवढा वेळ लागतो.